'लावा' म्हणजे नेमका कोणता पक्षी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लावा म्हणजे काय, एका वाक्यात सांगा.

गवतात, झुडपांत आणि पिकांत जमिनीवर वावरणारा, मुठीएवढा, आखूड शेपटीचा, मातकट ठिपक्या-रेघांचा पक्षी. तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही आणि मग एकदम फुर्रकन उडतो. इंग्रजीत ज्याला 'क्वेल' म्हणतात, त्याला मराठीत सर्वसाधारणपणे लावा म्हणतात. खेड्यापाड्यांत 'लावरी', 'लाव्हरी' ही रूपे जास्त ऐकू येतात. मादीसाठी 'लावी' असाही शब्द आहे, पण बोलताना नर-मादीचा भेद फारसा कोणी करत नाही.

म्हणजे लावा हे एकाच जातीचे नाव आहे ना?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच आहे. लावा हे पक्ष्यांच्या एका ठेवणीचे नाव आहे. लहान, गोल, जमिनीवरचा आणि मातकट एवढ्यात जे बसते ते सगळे लावे. शास्त्रीय वर्गीकरण मात्र त्यांना निदान तीन कप्प्यांत टाकते.

पहिला कप्पा कोटर्निक्स या प्रजातीचा. यात साधा लावा (हिंदीत घाघस बटेर) येतो. तो मुख्यतः हिवाळी पाहुणा असून सुमारे २० सेंटिमीटर लांब असतो. याच गटात पावसाळी लावाही येतो. तो किंचित लहान, नराच्या छातीवर काळा डाग, आणि पावसाळा हा त्याच्या विणीचा काळ. हे दोघे गवताळ माळावर आणि उभ्या पिकात भेटतात.

दुसरा कप्पा पर्डिक्युला या प्रजातीचा, म्हणजे रानलाव्यांचा. हे बारमाही इथलेच, साधारण १७ सेंटिमीटरचे आणि कळपाने राहणारे. झुडपी रानात रानलावा, कमी पावसाच्या दगडाळ माळावर दगडी लावा, आणि सह्याद्री-सातपुड्याच्या डोंगरउतारांवर लाल चोचीचा व लाल पायांचा चित्रांगी लावा. हे दोन्ही कप्पे कोंबडी-मोराच्या कुळातले आहेत.

तिसऱ्या कप्प्यातल्या पक्ष्यांना लावा म्हणतात, पण ते लाव्यांचे कोणीच लागत नाहीत. हे टर्निक्स, म्हणजे 'बटनक्वेल'. दिसायला हुबेहूब लावा, नाते मात्र टिटवी, कुरव, सुरय यांच्या गणाशी. गवतात लपून राहायचे तर अंग मातकट आणि लहानच असावे लागते, म्हणून दोन वेगळ्या घराण्यांचे रूप एकसारखे झाले. त्यांच्या पायाला मागचे बोट नसते, पुढची तीनच बोटे असतात. शिवाय संसार उलटा चालतो. मादी मोठी व जास्त रंगीत असते, तीच साद घालते, तीच इतर माद्यांशी भांडते आणि अंडी घालून दुसरा नर शोधायला निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराचे.

त्यामुळे 'लाव्याची मादी अंडी उबवते का?' या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. आधी कोणता लावा ते ठरवावे लागते.

समोर दिसलेला लावा यांपैकी कोणता, हे कसे ठरवायचे?

रंगापासून सुरुवात करू नका. सगळेच मातकट आहेत आणि उडताना रंग दिसतही नाही. पुढचा क्रम जास्त भरवशाचा आहे.

१. किती उडाले? सहा-सातपासून वीसेक पक्षी एकदम, सगळ्या दिशांना फुटल्यासारखे उडाले तर रानलावा किंवा दगडी लावा. एकटा किंवा जोडी असेल तर कोटर्निक्स किंवा बटनक्वेल. स्थलांतराच्या दिवसांत एका शेतात बरेच साधे लावे असू शकतात, पण ते एकत्र उडत नाहीत, पावलागणिक एकेक उठतो.

२. कसे उडाले? साधा लावा जमिनीला धरून, सरळ आणि बऱ्यापैकी लांब जातो. रानलावे थोड्याच अंतरावर पुन्हा झुडपात पडतात आणि काही मिनिटांत एकमेकांना शीळ घालून गोळा होतात, म्हणून तिथेच शांत उभे राहिलात तर कळप पुन्हा जमताना दिसतो. बटनक्वेल मुळात उडायलाच नाखूश असतो. उडाला तरी जेमतेम काही मीटर फडफडतो आणि त्यानंतर त्याला दुसऱ्यांदा उठवणे अवघड जाते.

३. पाय दिसले का? पायवाटेवर चालताना दिसला किंवा फोटो मिळाला, तर मागचे बोट बघा. नसेल तर बटनक्वेल, इथे प्रश्नच मिटला. पाय पिवळे असतील तर पिवळ्या पायांचा बटनक्वेल, शिशासारखे करडे असतील आणि छातीवर आडव्या काळ्या रेघा असतील तर पट्टेरी बटनक्वेल.

४. पोट कसे आहे? रानलावा नराचे पोट पांढरे आणि त्यावर दाट काळ्या आडव्या रेघा, मादीचे पोट मात्र विटकरी गुलाबी छटेचे आणि बिनरेघांचे. पावसाळी लाव्याच्या नराला छातीवर काळा डाग. साध्या लाव्याला असा डाग नसतो आणि कुशीवर फिक्या उभ्या रेषा असतात.

५. आवाज. ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण हीच. साध्या लाव्याची साद तीन तुकड्यांची, एक सुटा आणि दोन जोडून. पावसाळी लाव्याची दोन तुकड्यांची, 'व्हिट्-व्हिट्', थांबून पुन्हा 'व्हिट्-व्हिट्'. पट्टेरी बटनक्वेलची मादी एक लांबलचक घुमणारा 'ड्र्र्र्र' काढते. लांबून मोटारसायकल जात असल्यासारखा तो वाटतो आणि पक्षी कुठे आहे याचा पत्ता लागत नाही.

नेहमी होणारी चूक अशी की बटनक्वेलची रंगीत मादी पाहून तिला नर ठरवले जाते. दुसरी चूक पिल्लांची. तितराची अर्धवट वाढलेली पिल्ले लाव्याएवढीच असतात. जवळपास एक मोठा पक्षी अस्वस्थ होऊन ओरडत असेल, तर ते लावे नव्हेत, पिल्ले आहेत. तिथून बाजूला व्हावे.

पाणलावा हा पाण्याजवळचा लावा ना?

पाण्याजवळचा हे खरे, लावा हे खोटे. पाणलावा म्हणजे इंग्रजीतला 'स्नाइप'. चिखलात खुपसायची लांब सरळ चोच, पाठीवर पिवळसर पट्टे, दलदलीत आणि भातखाचरांच्या कडेला मुक्काम. अंगाची मातकट नक्षी आणि पायाखालून एकदम उठण्याची सवय लाव्यासारखी, म्हणून नाव पडले. पण उडाल्यावर तो नागमोडी वळणे घेतो, लावा तसे करत नाही. चोच दिसली तर शंकेला जागाच उरत नाही. लाव्याची चोच आखूड, दाणे टिपायची. रंगीत पाणलावा आणखी वेगळ्या कुळातला, आणि त्याच्यातही मादीच जास्त देखणी.

'स्नायपर' हा शब्द याच पक्ष्यावरून आला, तोही हिंदुस्थानातून. अठराव्या शतकात इथल्या ब्रिटिश सैनिकांना पाणलाव्याची शिकार हा छंद होता. वाकडातिकडा उडणारा एवढासा पक्षी टिपणे म्हणजे नेमबाजीची कसोटी. त्या शिकारीसाठी वापरले जाणारे क्रियापद पुढे लपून नेम धरणाऱ्या बंदूकबाजाला चिकटले.

लावा, तितर, बटेर, चकोत्री, टिटवी यांत फरक काय?

बटेर हा हिंदीतला शब्द, मराठीत मुख्यतः बाजार आणि खानावळींच्या वाटेने आला. हिंदीत 'बटेर' म्हणजे कोटर्निक्स आणि 'लवा' म्हणजे बहुधा रानलावा किंवा बटनक्वेल. मराठीत 'लावा' दोन्हींना चालतो. त्यामुळे हिंदी मजकुरावरून मराठीत लिहिताना 'बटेर और लवा' असे आले की 'लावा आणि लावा' लिहायची वेळ येते. अशा ठिकाणी 'बटेर आणि रानलावे' असे लिहावे.

तितर लाव्यापेक्षा बराच मोठा, ३० सेंटिमीटरच्या आसपास. उंच मान करून चालतो, उडण्याआधी पळून बघतो, आणि पहाटे त्याची 'कतीतर-कतीतर' अशी ठणठणीत हाक माळभर ऐकू येते. चकोत्री त्याहून मोठी, झाडीच्या डोंगरात राहणारी, डोळ्याभोवती लाल कातडी असलेली. काव्यात चांदणे पिणारा चकोर तो हा नव्हे. चकोर हिमालयातला तितराच्या जातीचा पक्षी आहे आणि महाराष्ट्रात आढळत नाही.

बटनक्वेल सोडला तर टिटवीचा या मंडळींशी संबंध फक्त नावातल्या 'ट'-'त'च्या नादापुरता. संस्कृतात तितर म्हणजे 'तित्तिरि' आणि टिटवी म्हणजे 'टिट्टिभ'. घाईत वाचले की एकाचे दुसरे होते, आणि छापील भाषांतरांतही ही गल्लत सापडते.

ज्वालामुखीतला लावा आणि हा लावा एकच शब्द आहे का?

नाही. ज्वालामुखीचा रस हा युरोपातून इंग्रजीमार्गे आलेला शब्द, आणि तो 'लाव्हा' असा लिहिणे सोयीचे. पक्ष्याचा 'लावा' घरचा, संस्कृत 'लाव'वरून आलेला. बरेच जण दोन्ही 'लावा' असेच लिहितात. मग ओळखायचे कसे? विभक्तीवरून. पक्षी मराठी आकारान्त नामांसारखा चालतो: लाव्याने, लाव्याला, लाव्याचे अंडे, अनेकवचन लावे, लाव्यांचा थवा. ज्वालामुखीचा शब्द सहसा बदलत नाही आणि त्याला अनेकवचनही नाही: लाव्हाचा थर, लाव्हाने भरलेली दरी. 'लाव्यांचे थर' असे वाचलेत तर लिहिणाऱ्याने एक तर भूशास्त्र सोडले आहे, नाहीतर व्याकरण.

गंमत म्हणजे दख्खनचा कातळ लाव्हा थिजूनच झालेला, त्यामुळे दगडी लावा शब्दशः लाव्हावर राहतो.

आणि 'झाडे लावा', 'लावालावी', 'लावणी'?

हे सगळे 'लावणे' या क्रियापदाचे. 'झाडे लावा' मध्ये लावा हे आज्ञार्थी रूप आहे. 'लावालावी' म्हणजे इकडचे तिकडे सांगून भांडण पेटवणे, आणि भाताची लावणी म्हणजे रोपे लावणे. नेटवर नुसते 'लावा' शोधले तर घोषवाक्ये, दिवे लावण्याच्या सूचना आणि एका मोबाइल कंपनीचे फोन आधी येतात. 'लावा पक्षी' किंवा 'लाव्हरी' असे शोधा.

हिंदीत आणखी एक 'लावा' आहे, लग्नविधीत वापरतात तो. त्याचा अर्थ लाह्या, संस्कृत 'लाज'वरून. मराठीत त्याला लाह्याच म्हणतात. तेव्हा हिंदी लग्नगीतात लावा परसला जातो तिथे पक्षी कल्पू नये.

शब्द जुना किती? संस्कृतात काय म्हणत?

संस्कृतात दोन वेगळी नावे सापडतात: 'लाव' (किंवा 'लावक') आणि 'वर्तक', 'वर्तिका', 'वर्ती'. पहिल्यापासून मराठी लावा आणि हिंदी लवा, दुसऱ्यापासून हिंदी बटेर. यांतली वर्तिका अधिक जुनी. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या पराक्रमांच्या यादीत, त्यांनी लांडग्याच्या तोंडातून वर्तिकेला सोडवल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो.

जातककथांतही लावे आहेत. जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळे घेऊन उडतात ही गोष्ट आपण कबुतरांची म्हणून ऐकतो. सम्मोदमान जातकात ते पक्षी लावे आहेत, आणि ती गोष्ट पुढेही जाते. एके दिवशी त्यांचे आपसांत भांडण होते, जाळे कोणी आधी उचलायचे यावर अडून बसतात आणि पारध्याच्या हाती लागतात.

आयुर्वेदाच्या पुस्तकांत 'लाव' इतक्या ठिकाणी का येतो?

कारण तिथे त्याला तीन वेगळी कामे आहेत, आणि तिन्ही एकमेकांत मिसळली की वाचणारा चक्रावतो.

पहिले आहाराचे. चरकसंहिता पायांनी माती उकरून, विखरून खाणाऱ्या पक्ष्यांचा 'विष्किर' नावाचा गट करते. लाव, वर्तक, तित्तिरि, कपिंजल, कोंबडा हे सगळे विष्किर. त्याच ग्रंथात, प्रत्येक वर्गातला सर्वांत हितकर प्राणी कोणता हे सांगताना, पक्ष्यांत लाव असे म्हटले आहे. भावप्रकाश लाव्यांचे चार प्रकार देतो: पांशुल, गौरक, पौण्ड्रक आणि दर्भर. या नावांना आजच्या चार जाती जुळवायचा मोह होतो. तो आवरावा. वर्णने त्रोटक आहेत आणि जुळवणी प्रत्येक टीकाकार आपापली करतो.

दुसरे नाडीपरीक्षेचे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीची गती प्राण्यांच्या चालीवरून सांगितली आहे. वात वाढला तर जळू आणि साप, पित्त वाढले तर चिमणी-कावळा-बेडूक, कफ वाढला तर हंस आणि पारवा, आणि तिन्ही दोष एकत्र बिघडले तर 'लावतित्तिरवर्तीनां गमनम्'. म्हणजे लावा, तितर आणि बटेर यांची चाल. थोडे तुरुतुरु धावणे, मध्येच थबकणे, पुन्हा धावणे. माळावर लावा पाहिलेल्याला हे लगेच कळते. शब्दाच्या दृष्टीने या ओळीला मोल आहे, कारण लाव, तित्तिर आणि वर्ती ही तीन नावे शेजारी शेजारी आली आहेत. लिहिणाऱ्याच्या लेखी ते तीन वेगळे पक्षी होते. भाषांतरात तिघांना मिळून 'तितर वगैरे पक्षी' म्हणणे हा आळस आहे.

तिसरे रसशास्त्राचे. औषधी भस्मे भाजण्याच्या अग्नीच्या मापाला 'पुट' म्हणतात, आणि पुटांना प्राण्यांची नावे आहेत: गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट, कपोतपुट, लावकपुट. गजपुट सर्वांत प्रखर मापांतले. लावकपुट अगदी सौम्य, जमिनीवरच थोडासा कोंडा किंवा गोवरीचा चुरा पेटवून अतिमृदु द्रव्यांसाठी द्यायचा. इथे लाव्याचे मांस, पीस, अंडे काहीही लागत नाही. 'लावकपुटात लावा पक्षी कधी घालायचा?' असे विचारले जाते. घालायचा नाही.

कपिंजल म्हणजे लावा का?

नाही, तितराच्या जातीचा पक्षी, बहुतेकांच्या मते राखी तितर. पण वैदिक वाङ्मयात तित्तिरि आणि कपिंजल हे वेगळे मोजले आहेत. त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप तीन मुखांचा होता. इंद्राने ती छाटली तेव्हा सोम पिणाऱ्या मुखाचा कपिंजल झाला, सुरा पिणाऱ्या मुखाचा कलविंक म्हणजे चिमणा, आणि अन्न खाणाऱ्या मुखाचा तित्तिरि.

कपिंजलाची कीर्ती खरी पसरली ती मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात. 'वसन्ताय कपिञ्जलान् आलभते' असे वचन आहे, म्हणजे वसंतासाठी कपिंजल बळी द्यावेत. शब्द अनेकवचनी, पण संख्या दिलेली नाही. मग किती कपिंजल? मीमांसकांचे उत्तर: तीन. संस्कृतात द्विवचन वेगळे असल्यामुळे अनेकवचन तीनपासून सुरू होते आणि तिनावर वचनाची पूर्तता होते, त्यापुढे जाण्याचे कारण उरत नाही. 'कपिंजलन्याय' म्हणतात तो हा. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात हा शब्द दिसला तर पक्षिशास्त्र शोधू नका, तिथे अर्थ लावण्याच्या नियमाची चर्चा चालली आहे.

याखेरीज पंचतंत्रात सशाशी बिळावरून भांडून मांजराकडे न्याय मागायला जाणारा कपिंजल आहे, आणि बाणभट्टाच्या कादंबरीत पुंडरीकाच्या मित्राचे नाव कपिंजल आहे. पहिला पक्षी, दुसरा माणूस.

तैत्तिरीय उपनिषदाचा तितराशी खरेच संबंध आहे?

नावाचा आहे. पुराणकथा सांगते की याज्ञवल्क्याने गुरूच्या आज्ञेवरून शिकलेला यजुर्वेद ओकून टाकला आणि बाकीच्या शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांचे रूप घेऊन तो टिपला, म्हणून ती शाखा तैत्तिरीय. व्याकरणाची वाट साधी आहे. तित्तिरि नावाच्या ऋषीने सांगितलेले ते तैत्तिरीय, आणि त्यासाठी पाणिनीचे स्वतंत्र सूत्रही आहे. ऋषीचे नाव पक्ष्यावरून पडलेले असू शकते. उपनिषदात मात्र तितर नाही.

'अंधे के हाथ बटेर' मराठीत कसे म्हणायचे?

शब्दशः नको. 'आंधळ्याच्या हाती लावा' म्हटले तर ऐकणारा पुढचे वाक्य ऐकायला थांबून राहील: काय लावा? लायकी नसताना अचानक लाभ झाला असे म्हणायचे असेल तर 'घबाड लागले' किंवा 'फुकटचे हाती लागले' पुरते. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण योगायोगाची आहे, लाभाची नाही. ती इथे बसत नाही, तरी भाषांतरांत ती सर्रास ठोकून दिलेली दिसते.

'आधा तीतर आधा बटेर' याला 'धड ना इकडचा, धड ना तिकडचा'.

बायबलातले 'लावे' कोणते?

निर्गमाच्या वेळी, म्हणजे इस्राएली लोक मिसरातून निघाले तेव्हा, त्यांच्या छावणीवर उतरलेले आणि मान्न्यासोबत (त्यांना आकाशातून मिळालेल्या अन्नासोबत) नाव घेतले जाणारे ते साधे लावे, स्थलांतर करणारे. रात्रभर उडून दमल्यावर ते थव्याने जमिनीवर उतरतात आणि हाताने धरण्याइतके गळून गेलेले असतात, त्यामुळे वर्णन त्याच जातीला लागू पडते. कुराणातला 'सल्वा' तोच. रानलाव्यांना हे वर्णन लागू नाही, ते स्थलांतर करत नाहीत.

इंग्रजीतून भाषांतर करताना कुठे घसरायला होते?

मुख्यतः तीन ठिकाणी. 'क्वेल' हे क्रियापदही आहे: भीतीने कचरणे, धीर सुटणे. त्याचा पक्ष्याशी संबंध नाही. 'ग्राउझ' पक्षी असेल तर त्याला लावा किंवा तितर म्हणू नका. तो थंड प्रदेशातला वेगळा पक्षी आहे, भारतात मिळत नाही, तेव्हा 'ग्राउझ' असेच ठेवावे. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कुरकुर करणे. आणि 'सँडग्राउझ' म्हणजे ग्राउझही नव्हे आणि हिंदी नावात 'भट तीतर' असले तरी तितरही नव्हे. मराठीत त्याला पखुर्डी म्हणतात. पाणवठ्यावर थव्याने उतरणारा, टोकदार पंखांचा माळावरचा पक्षी.

बाजारात लावा किंवा बटेर म्हणून मिळतो तो कोणता?

कायदेशीर असेल तर जपानी लावा, पाळीव. रानातल्या साध्या लाव्याचा तो भाऊबंद, पण पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीसारखा पाळला गेलेला. वाढ झपाट्याची: अंड्यातून बाहेर येताना सात-आठ ग्रॅम, सहा आठवड्यांच्या आसपास मादी अंडी घालू लागते, पूर्ण वाढीचे वजन साधारण १५० ते २०० ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यानंतर नर-मादी छातीवरून ओळखता येतात. नराची छाती तांबूस आणि बिनठिपक्यांची, मादीची करडी आणि काळ्या ठिपक्यांची.

अंडे दहा ते बारा ग्रॅमचे, तपकिरी-काळ्या डागांचे. कोंबडीच्या एका अंड्याच्या जागी पाचेक धरावीत. ही पाळीव मादी सहसा खुडूक बसत नाही, म्हणून पिल्ले काढायची तर उबवणी यंत्र लागते. १७ ते १८ दिवस लागतात, कोंबडीसारखे २१ नव्हे. कोंबडीच्या वेळापत्रकावर यंत्र लावून ठेवले तर पिल्ले आधीच फुटतात, आणि अंडी फिरवणारी ताटे बंद केलेली नसल्याने त्यांत चेंगरतात.

पाळलेले जपानी लावे 'निसर्गात सोडणे' हे पुण्य नाही. ते रानातल्या साध्या लाव्यांशी संकर करू शकतात. संकर झाला नाही तर मांजरे-कुत्री त्यांना एक-दोन दिवसांत संपवतात.

रानातला लावा धरला तर गुन्हा होतो का? एवढासा तर पक्षी.

होतो. आकाराचा संबंध नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये लावे, तितर आणि बटनक्वेल हे तिन्ही संरक्षित आहेत. पूर्वी परवाना काढून काही पक्ष्यांची शिकार करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. 'आजोबांकडे परवाना होता' हे आज उपयोगाचे नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आणि दंड वाढवले. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'शिकार' या शब्दाची कायद्यातली व्याख्या बंदुकीपुरती नाही. फास लावणे, जाळे टाकणे, पकडणे, पकडण्याचा प्रयत्न करणे, अंडी फोडणे किंवा घरटे विस्कटणे हेही तिच्यात येते. आवाजाची ध्वनिफीत लावून लावे जाळ्यात ओढणारा गोळी झाडत नसला तरी शिकारच करतो. लाव्यांच्या झुंजी लावणे हा तर वेगळाच गुन्हा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली.

रस्त्यावर पिंजऱ्यात विकायला ठेवलेले लावे पाळीव की रानातले? जपानी लावा माणसाला सरावलेला असतो, पिंजऱ्यात चालत-खात राहतो. रानातून धरलेला सतत वर उसळतो, त्यामुळे टाळूवरची पिसे गेलेली आणि कातडी सोललेली दिसते. पोटावर दाट आडव्या रेघा असलेला किंवा तीनच बोटांचा पक्षी असेल तर तो जपानी लावा नव्हेच. विकत घेऊन सोडून देऊ नका, त्याने पुढच्या पक्ष्याची मागणीच नोंदवली जाते. वनविभागाला कळवा, महाराष्ट्रात १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

कापणी करताना लाव्याचे घरटे सापडले. काय करायचे?

घरटे म्हणजे जमिनीतला छोटा खळगा, आत थोडे गवत. हात लावू नका, अंडी उचलून बांधावर ठेवू नका. जागा बदलली की उबवणारा पक्षी ती शोधत येत नाही. घरट्याभोवती दोन-तीन पावलांचा गवताचा किंवा पिकाचा ठोंब उभा सोडा आणि उरलेले काम उरका. नुसते घरट्यावरचे चार देठ ठेवून आजूबाजूचे सगळे साफ केले तर कावळ्याला ते वरून लगेच दिसते, म्हणून ठोंब जरा ऐसपैस हवा. काठी रोवून खूण करायची असेल तर घरट्यापासून लांब रोवा.

उडालेला पक्षी माणसे दूर गेली की बहुधा परततो. बटनक्वेल असेल तर परतणारा नर असेल. त्याची अंडी दोनेक आठवड्यांत फुटतात, कोटर्निक्स आणि रानलाव्यांना थोडे जास्त लागतात. पिल्ले अंगावर लव घेऊनच बाहेर येतात आणि अंग वाळले की काही तासांत चालू लागतात, त्यामुळे घरटे एका दिवसात रिकामे दिसले तर कोणी नेले असे लगेच समजू नये. कवचे दोन तुकड्यांत नीट उघडलेली असतील तर पिल्ले निघून गेली. चुरा आणि बलक पसरलेला असेल तर मुंगूस, साप किंवा कुत्रे येऊन गेले.

एकटे पिल्लू दिसले तर घरी आणू नका. मोठा पक्षी जवळच गवतात दबून बसलेला असतो आणि तुम्ही उभे आहात तोवर हाक मारत नाही.